सेकंडहँड एमएक्स-५ घेताय? इंजिन किती सीसीचं घ्यावं

इंग्लंडात मे महिन्यात सलग चार दिवस ऊन पडलं की ओळखीतल्या एखाद्या तरी मराठी माणसाच्या डोक्यात उघड्या छताची गाडी शिरते. नोकरीत दोन-तीन वर्षं झालेली असतात, दारात एक गुणी हॅचबॅक उभी असते. मग संध्याकाळी फोन येतो : "माझदा एमएक्स-५ बघतोय, सेकंडहँड. दीड लिटर घेऊ की दोन लिटर?"

हा लेख अशा फोनला दिलेलं लांबलचक उत्तर आहे. एमएक्स-५ च का, हे आधी सांगतो. १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ही दोन सीटची छोटी गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली. ती हिरोशिमात बनते आणि एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी तिथून बाहेर पडली. ब्रिटनमध्ये जुन्या स्पोर्ट्स कारचा बाजार धुंडाळायला लागलात की दर चार जाहिरातींनंतर हीच दिसते. सुटे भाग मिळतात, गल्लीतला मेकॅनिकही हात लावायला घाबरत नाही. भारतात ती कधी विकायलाच आली नाही, त्यामुळे गावाकडच्या अनुभवी मामाला विचारून मात्र काही उपयोग नाही.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो : इंजिनाचा आकडा सगळ्यात शेवटी ठरवायचा. आपण नेमकं उलट करतो. भारतात चार मीटरच्या आतली गाडी आणि १२०० सीसीच्या आतलं पेट्रोल इंजिन असलं की कर कमी, त्यामुळे सीसी हा आकडा आपल्या डोक्यात किमतीशी आणि प्रतिष्ठेशी घट्ट बांधलेला असतो. जास्त सीसी म्हणजे वरची गाडी. एमएक्स-५ मध्ये हे गणित प्रत्येक पिढीत वेगळं लागतं, आणि एका पिढीत तर ते चक्क उलटं होतं.

पहिली पायरी : लायसन्स बाहेर काढा

हसू नका. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून बारा महिने गाडी चालवता येते, त्यानंतर इथली परीक्षा द्यावीच लागते. घाईत असलेले बरेच जण ऑटोमॅटिकवर परीक्षा देऊन मोकळे होतात. तसं केलं असेल तर लायसन्सवर फक्त ऑटोमॅटिक चालवायची मुभा असते, आणि तुमचा प्रश्न इथेच सुटला. गेल्या दोन पिढ्यांमध्ये ब्रिटनमध्ये अधिकृतपणे विकल्या गेलेल्या ऑटोमॅटिक एमएक्स-५ जवळजवळ सगळ्या २.० च्याच आहेत. पुढच्या तीन पायऱ्या वगळून थेट खर्चाकडे या.

पण खरं सांगू का, या गाडीचा अर्धा आनंद त्या आखूड गिअरच्या दांड्यात आहे. मनगट हललं की गिअर पडतो. ऑटोमॅटिक घेणं म्हणजे पुरणपोळी डाएट स्वीटनरची करणं.

दुसरी पायरी : पिढी ठरवा

एमएक्स-५ च्या चार पिढ्या आहेत आणि जाणकार त्यांना अक्षरांनी ओळखतात. एनए : १९८९ ते १९९७, डोळे मिटणारे हेडलाइट असलेली. एनबी : १९९८ ते २००५. एनसी : २००५ ते २०१५. एनडी : २०१५ पासून पुढे. जाहिरातीत अक्षरं नसली तरी वर्षावरून कळतं.

लंडनमध्ये किंवा लंडनच्या आसपास राहत असाल तर निवड आणखी सोपी. २९ ऑगस्ट २०२३ पासून कमी प्रदूषणाचा यूलेझ पट्टा लंडनच्या सगळ्या बरोंना, म्हणजे प्रभागांना, लागू झाला. पेट्रोल गाडी युरो ४ या धुराच्या निकषात बसत नसेल तर त्या पट्ट्यात गाडी हलवल्याच्या प्रत्येक दिवसाला साडेबारा पौंड. साधारण २००६ पासूनच्या पेट्रोल गाड्या यात बसतात. त्याआधीच्या एनए आणि बऱ्याच एनबी बसत नाहीत. गाडीचा नंबर ट्रान्सपोर्ट फॉर लंडनच्या तपासणी पानावर टाका, दहा सेकंदांत उत्तर मिळतं. लंडनच्या क्रॉयडनमध्ये राहून एनए घेणं म्हणजे दूध आणायला निघालं तरी साडेबारा पौंड.

तिसरी पायरी : त्या पिढीतली इंजिनं समजून घ्या

इथे थोडा वेळ थांबू, कारण गोम इथेच आहे. खालचे ताकदीचे आकडे बीएचपीमध्ये आहेत.

एनएमध्ये सुरुवातीला फक्त १.६ होतं, सुमारे ११५ बीएचपी. पुढे १.८ आलं, सुमारे १३०. हा फरक फार मोठा नाही, पण एक खाच आहे. १९९५ पासून इथे अधिकृतपणे विकलेल्या १.६ चं इंजिन कंपनीने मुद्दाम ढिलं करून ९० च्या आसपास आणलं. म्हणजे १९९० ची १.६ आणि १९९६ ची १.६ या दोन वेगळ्या गाड्या आहेत, नाव तेवढं एक. शिवाय १९९१ च्या मध्यापर्यंतच्या १.६ मध्ये क्रँकशाफ्टचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, पुढचं टोक नाजूक होतं. तिथली पुली डगमगत असेल तर पुढे बोलूच नका. जपानहून आयात झालेल्या 'युनोस' नावाच्या गाड्याही या पिढीत भरपूर सापडतात. त्या याच गाडीच्या सख्ख्या बहिणी, पण विम्याचं कोटेशन आधी घ्या, सगळ्या विमा कंपन्या आयात गाडीला सारखं वागवत नाहीत.

एनबीमध्ये १.६ सुमारे ११० ची आणि १.८ सुमारे १४० ची. २००१ च्या बदलानंतर १.८ ला व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा मिळाली आणि ताकद १४६ वर गेली. आकडे बघून कोणीही १.८ म्हणेल. मीही म्हणालो होतो. एक १.६ होती, एका निवृत्त बाईंची, पत्रा स्वच्छ, दरवर्षीची सर्व्हिसची पावती. ती सोडली आणि त्याच पैशात १.८ घेतली. पुढच्या एमओटीत, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीत, दोन्ही दारांखालच्या सिल (पत्र्याच्या पट्ट्या) सडलेल्या निघाल्या. वेल्डिंगच्या बिलात आणखी एक स्कूटर आली असती. तेव्हापासून एनए-एनबीसाठी माझा नियम एकच : पत्रा जिचा चांगला ती गाडी, इंजिन कुठलंही. आणि हो, या दोन्ही पिढ्यांत टायमिंग बेल्ट आहे, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह चालवणारा पट्टा. साधारण साठ हजार मैलांना तो बदलतात. पावती नसेल तर बदललेला नाही असंच धरा आणि किंमत खाली आणा.

एनसीमध्ये मात्र मी बिनधास्त २.० सांगतो. इथे १.८ ला १२४ बीएचपी, २.० ला १५८. टॉर्क, म्हणजे ओढण्याची ताकद (त्यावर चौथ्या पायरीत बोलू), अनुक्रमे १६७ आणि १८८ न्यूटन-मीटर. महत्त्वाचं असं की दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली आहेत. पिस्टनचा वर-खाली होण्याचा पल्ला दोन्हींत सारखाच, ८३.१ मिलिमीटर. फक्त सिलिंडरचा व्यास २.० मध्ये जास्त. त्यामुळे लहान इंजिनाचे जे फायदे आपण गृहीत धरतो, हलकेपणा आणि जास्त फिरण्याची हौस, ते या १.८ मध्ये फारसे मिळत नाहीत. त्यात १.८ ला पाच गिअर आणि अनेक २.० ना सहा. २००९ च्या बदलात २.० चा क्रँकशाफ्ट अधिक मजबूत केला आणि इंजिन मिनिटाला साडेसात हजार फेऱ्यांपर्यंत जायला लागलं, तेव्हा जमलं तर २००९ नंतरची बघा. दोन्ही इंजिनांना टायमिंग चेन आहे, बेल्टची कटकट नाही. एक सवय मात्र लावून घ्या : ही इंजिनं तेल खातात, आणि डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची पट्टी) न बघणाऱ्या मालकाच्या हातात कोरडी पडतात. बघायला गेलात की आधी डिपस्टिक काढा. तेल खालच्या खुणेच्याही खाली असेल आणि मालक "अरेच्चा" म्हणाला, तर तुम्ही "धन्यवाद" म्हणा आणि निघा.

आता एनडी, जिथे गणित उलटं होतं. १.५ चं इंजिन १२९ बीएचपी आणि १५० न्यूटन-मीटर. २.० सुरुवातीला १५८ बीएचपी आणि २०० न्यूटन-मीटर. शून्य ते ६२ मैल वेग गाठायला १.५ ला ८.३ सेकंद, २.० ला ७.३. कागदावर २.० जिंकली. पण १.५ साडेसात हजार फेऱ्यांपर्यंत फिरतं आणि त्या काळातलं २.० सहा हजार आठशेला थांबायचं. दीड लिटरच्या गाडीचं नाक हलकं, टायर १६ इंची, सस्पेन्शन थोडं मऊ. ती सतत "अजून, अजून" म्हणत असते. दोन लिटरची मधल्या फेऱ्यांतच काम उरकते आणि वर गेल्यावर दमते. २०१८ च्या बदलात मात्र माझदाने हलके पिस्टन आणि हलके कनेक्टिंग रॉड घालून २.० ला साडेसात हजारांपर्यंत नेलं आणि ताकद १८१ वर. ६२ मैलांना साडेसहा सेकंद. या नव्या २.० मध्ये दोन्ही गुण आहेत, आणि बाजारात तिची किंमतही तसंच सांगते.

थोडक्यात एनडीसाठी माझा क्रम असा : पैसे असतील तर २०१८ नंतरची २.०, नसतील तर कुठल्याही वर्षाची चांगली १.५. आधीची २.० तिसऱ्या क्रमांकावर. यावर मित्रांशी माझं भांडण झालेलं आहे आणि ते मिटलेलं नाही.

एक अपवाद. आरएफ नावाची, घडी होणाऱ्या टणक छताची आवृत्ती घेत असाल तर ती कापडी छताच्या गाडीपेक्षा चाळीसएक किलोंनी जड आहे. तिथे २.० बरी.

चौथी पायरी : तुमचा रस्ता कुठला?

सीसीपेक्षा "पिकअप" हा आपला जुना शब्द इथे जास्त कामाचा. ज्याला आपण पिकअप म्हणतो तो बहुतांशी टॉर्क असतो : गिअर न बदलता, अर्धा पेडल दाबून गाडी किती ओढते. बीएचपी म्हणजे इंजिन वरपर्यंत फिरवलं तर एकूण किती काम होतं.

खंबाटकी किंवा ताम्हिणी घाट चढलेल्या माणसाला हे लगेच कळेल. ट्रकच्या मागे अडकलात, पुढे सरळ तुकडा दिसला. टॉर्क असलेली गाडी तिसऱ्या गिअरवरच निघते. कमी टॉर्कवाल्या गाडीला आधी दुसरा टाकावा लागतो, मग आवाज, मग वेग. दोन्ही निघतात, पण दुसरीला ड्रायव्हर जागा लागतो.

तेव्हा स्वतःला विचारा. रोज एम४ मोटरवेवरून चाळीस मैल जाऊन-येऊन करायचे आहेत? बाजूला नेहमी कोणी बसणार आहे आणि डिकीत बॅगा? तर मोठं इंजिन. रविवारी सकाळी पीक डिस्ट्रिक्टमध्ये जाऊन मॅकल्सफील्ड ते बक्स्टनचा कॅट अँड फिडल किंवा स्नेक पासचा रस्ता चालवायचा आहे? तर लहान. दोन गावांमधल्या दुभाजक नसलेल्या रस्त्यावर कायद्याची मर्यादा जास्तीत जास्त ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटर, काही ठिकाणी त्याहूनही कमी. लहान इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये लाल रेषेजवळ नेलं तरी लायसन्स शाबूत राहतं आणि पोट भरतं. मोठ्या इंजिनात तेवढं करायला गेलात तर दंडाचं पत्र घरी येतं.

जपानी अभियंते या गाडीबद्दल 'जिंबा इत्ताई' म्हणतात, घोडा आणि स्वार एकजीव. त्या भावनेत सीसीचा वाटा थोडा, वजनाचा जास्त. एनडी सुमारे एक टनाची आहे. एक टनाला १२९ बीएचपी पुष्कळ झाले.

पाचवी पायरी : खर्च मांडा

गणपतीत मंडळाच्या हॉलबाहेर गाडी लावली की पहिला प्रश्न असतो : "ॲव्हरेज किती देते?" तर ते आधी. समजा १.५ इंजिनाची गाडी गॅलनला ४५ मैल देते आणि २.० ची देते ४०. इंग्लिश गॅलन साडेचार लिटरपेक्षा थोडा मोठा, म्हणजे आपल्या भाषेत लिटरला अनुक्रमे १६ आणि १४ किलोमीटर. वर्षाला सहा हजार मैल चालवलं तर फरक पडतो सुमारे ७५ लिटरचा. लिटर १.४० पौंड धरला तर वर्षाला शंभर-एकशे दहा पौंड. नवीन टायरच्या एका जोडीच्या आतबाहेर. यावरून इंजिन ठरवू नका.

जुन्या गाडीत पेट्रोल कुठलं चालतं ते मात्र बघा. सप्टेंबर २०२१ पासून पंपावरचं साधं पेट्रोल ई१० आहे, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं. सरकारच्या संकेतस्थळावर गाडीला ते चालतं का हे तपासता येतं. चालत नसेल तर महागडं सुपर ई५ भरा.

कराचं प्रकरण गमतीचं आहे. १ मार्च २००१ च्या आधी नोंदलेल्या गाडीला कर इंजिनाच्या आकारावर, आणि सीमारेषा १५४९ सीसी. एनएचं १.६ हे १५९७ सीसीचं आहे. म्हणजे लहान इंजिन घेऊन करात एक पेनीही वाचत नाही, १.६ आणि १.८ एकाच खान्यात. मार्च २००१ ते मार्च २०१७ मधल्या गाड्यांना कर धुरातल्या कार्बन डायऑक्साइडवर, तिथे लहान इंजिनाला थोडा फायदा. आणि १ एप्रिल २०१७ नंतर नोंदलेल्या एनडीला दुसऱ्या वर्षापासून सरसकट एकच दर, १.५ असो वा २.०. २.० एनडी घेताना मार्च आणि एप्रिल २०१७ च्या दोन गाड्यांचा वर्षाचा कर शेजारी मांडून बघा.

विम्यात नव्याने आलेल्या माणसाला खरा फटका बसतो, आणि तो इंजिनामुळे कमी, तुमच्यामुळे जास्त. इथलं लायसन्स किती जुनं, पिनकोड कुठला, नो क्लेम बोनस किती वर्षांचा. भारतातला नो क्लेम बोनस काही कंपन्या मानतात, बऱ्याच मानत नाहीत, पत्र मागवून ठेवायला खर्च नाही. गाडी आवडली की जागेवरच, त्या गाडीच्या नंबरावर, दोन-तीन कोटेशन काढा. १.५ आणि २.० मधला फरक कधीकधी इतका किरकोळ निघतो की हसू येतं. मागच्या मालकाने सायलेन्सर किंवा एअर फिल्टर बदलला असेल तर तेही विमा कंपनीला सांगावं लागतं. न सांगता राहिलं तर क्लेमच्या दिवशी कळतं.

सहावी पायरी : दोन्ही चालवून बघा

शक्यतो एकाच दिवशी, एकामागून एक. मालकाला आधी सांगा की इंजिन गार असू दे. पोचलात आणि बॉनेट कोमट लागलं तर का गरम केली असेल, याचा विचार करा. सुरू करताना मागे निळसर धूर येतो का बघा.

इंजिन गरम झालं की तीन गोष्टी करा. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ३० मैलांवरून चढावर पेडल हळूच दाबा. गाडी कुंथते की निघते? मग मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये एकदा वरपर्यंत फिरवा. आवाज ऐकून हसू आलं का? मग मोटरवेवर ७० ला, छत उघडून, वरच्या गिअरमध्ये पाच मिनिटं. तिथे १.५ चा आवाज तुम्हाला त्रास देत असेल तर रोजच्या प्रवासाला ती नको. २०१६-१७ च्या एनडीत गिअरबॉक्सच्या तक्रारी आलेल्या आहेत, म्हणून पहिल्यावरून दुसऱ्यात आणि तिसऱ्यावरून दुसऱ्यात टाकताना कर्रकन आवाज येतो का, हे छत बंद करून ऐका.

बायको, नवरा, जो कोणी शेजारी बसणार त्याला सोबत न्या. एनडीची डिकी १३० लिटरची आहे. दहा किलोची तांदळाची गोणी मावते, पण मग पीठ मांडीवर.

सातवी पायरी : पत्रा आणि कागद

कोकणात किनाऱ्यालगत गाड्या गंजतात तशा इथे हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने गंजतात. एनए आणि एनबीत मागच्या चाकाच्या पुढची सिल आणि चाकाची कमान दाबून बघा. छतावरचं पाणी वाहून नेणारी भोकं पालापाचोळ्याने तुंबतात आणि पाणी सिलमध्ये मुरतं. एनबीत पुढच्या बाजूचे चासीचे लांब दांडे खालून बघायला हवेत, वाकून किंवा मेकॅनिककडे लिफ्टवर चढवून. नव्या रंगाचा जाड थर दिसला तर खाली काय लपवलंय ते विचारा.

घरबसल्या करायची गोष्ट म्हणजे सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून एमओटीचा सगळा इतिहास वाचणं. फुकट आहे. 'करोजन' (गंज) हा शब्द तपासणाऱ्याच्या सल्ल्यांमध्ये सलग तीन वर्षं दिसला आणि चौथ्या वर्षी अचानक गायब झाला, तर एकतर वेल्डिंग झालंय किंवा काळा रंग फासलाय. पावती दाखवा म्हणा. कर्ज बाकी आहे का, गाडी अपघातात राइट-ऑफ झालेली आहे का, याची काही पौंडांची तपासणीही करून घ्या.

मागच्या बाजूला चिकटवलेल्या '२.०' च्या बिल्ल्यावर जाऊ नका. असले बिल्ले बाजारात मिळतात. व्ही५सी लॉगबुक, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, हातात घ्या आणि त्यात सिलिंडरच्या क्षमतेचा रकाना वाचा : एनसीत १७९८ किंवा १९९९, एनडीत १४९६ किंवा १९९८. इंजिन बदललेलं असेल आणि रकाना जुनाच असेल तर विमा अडकतो.

पैसे दिल्यावर लॉगबुकातली हिरवी चिठ्ठी तुमच्याकडे ठेवा. ऑक्टोबर २०१४ पासून आधीच्या मालकाने भरलेला कर नव्या मालकाला मिळत नाही, त्यामुळे त्या चिठ्ठीवरच्या बारा आकड्यांच्या क्रमांकाने, विमा सुरू करून, मालकाच्या दारातच फोनवरून कर भरा. मग छत उघडा आणि निघा.